खाजगी विद्यापीठ नेमकं कुणाचं असतं?

प्रश्न असा आला आहे: "मुलीला एका खाजगी विद्यापीठात प्रवेश मिळतोय. माहितीपत्रकाच्या पहिल्या चार पानांवर संस्थापक, त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई यांचे फोटो आहेत. कुलगुरूंचं नाव पाचव्या पानावर येतं. अशा ठिकाणी कारभार नेमका कुणाचा असतो? खाजगी विद्यापीठ हा प्रकार आपल्याकडे तसा नवीनच, मग भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?"

मी एकतीस वर्षं विद्यापीठाच्या कचेरीत काढली. पंचवीस वर्षं सरकारी विद्यापीठात, कनिष्ठ लिपिकापासून उपकुलसचिवापर्यंत, आणि शेवटची सहा एका खाजगी विद्यापीठात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

खाजगी विद्यापीठ आपल्याकडे मुळीच नवीन नाही. एक खाजगी विद्यापीठ पुण्यात १९१६ साली निघालं आणि सरकारी मान्यतेशिवाय पस्तीस वर्षं चाललं. आज त्याची आवारं मुंबईत चर्चगेट आणि जुहूला आहेत, पुण्यात कर्वे रस्त्यावर आहे, आणि ते आता सरकारी विद्यापीठ आहे. आपण सगळे त्या महिला विद्यापीठाला एसएनडीटी म्हणतो. त्यामागे एका खाजगी विद्यापीठाची अख्खी हयात आहे, हे मलाही नोकरीला लागून दोन वर्षं होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका कागदामुळे. १९८९ साली मी समकक्षता विभागात होते. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी आपल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे ठरवणारा हा विभाग. एके दिवशी मुलींच्या एका शाळेतल्या शिक्षिका आल्या. शाळेचा सुवर्णमहोत्सव होता, स्मरणिकेत पहिल्या मुख्याध्यापिकाबाईंची माहिती छापायची होती. त्यांच्या घरच्यांनी एक प्रमाणपत्र दिलं होतं. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून पातळ मलमलीचं कापड चिकटवलेलं, शाई तपकिरी झालेली. त्यावर पदवीचं नाव होतं जी. ए. शिक्षिकांचा प्रश्न एवढाच होता, की ही पदवी आहे का आणि ती बाईंच्या नावापुढे लावायची का.

मी याद्या उघडल्या. जी. ए. कुठेच नव्हतं. टिपणीवर मी शेरा मारला: 'अशी पदवी आढळत नाही. बी. ए. असावे, लेखनदोष.' फाइल साहेबांकडे गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, माझ्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'गृहीतागमा. भारतवर्षीय महिला विद्यापीठाची पदवी.' भारतवर्षीय महिला विद्यापीठ हे एसएनडीटीचंच मूळ नाव. जिने आगम, म्हणजे शास्त्र, ग्रहण केलं आहे ती गृहीतागमा. तिच्या पुढची पदवी पी. ए., म्हणजे प्रदेयागमा. बी. ए., एम. ए. ही नावं सरकारमान्य विद्यापीठांची, ती घ्यायची नाहीत, म्हणून आपली नावं घडवली. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. एका बाईने कमावलेली पदवी मी एका ओळीत लेखनदोष ठरवून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून मी या विद्यापीठाबद्दल मिळेल ते वाचत आले.

त्याचे संस्थापक धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. बालपण दापोलीजवळच्या मुरुडात गेलं. १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि काही वर्षांत तो गावाबाहेर हिंगण्याला गेला. तिथे मिळालेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. आजचं कर्वेनगर ते हेच. कर्वे फर्ग्युसनचे तास संपवून चालत हिंगण्याला जात आणि सकाळी चालत परत येत. पावसाळ्यात त्या वाटेला किती चिखल असेल याची कल्पना जुन्या पुणेकरांना लगेच येईल.

१९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन्न. आश्रम, महिला विद्यालय आणि आजन्म सेवकांचा निष्काम कर्म मठ ही सगळी घडी तोवर बसलेली होती. इथे थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

याच सुमारास बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी एक पुस्तिका पाठवली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती तीत होती. जिंझो नारुसे यांनी ते टोकियोत १९०१ मध्ये काढलं होतं. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची नागरिक म्हणून शिकवायचं, हा तिथला क्रम. पुस्तिका काही दिवस नुसती पडून होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद कर्व्यांकडे आलं, भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा हातात घेतली, आणि परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पनाच लोकांपुढे ठेवली. डिसेंबरात कल्पना मांडली आणि पुढच्या जूनमध्ये सिनेटची, म्हणजे विद्यापीठाचा कारभार ठरवणाऱ्या सभेची, पहिली बैठक झाली. जुलैत हिंगण्याला पाच मुलींना घेऊन कॉलेजचा वर्ग सुरू झाला. हातात मोठा निधी नव्हता, इमारत नव्हती, सरकारची मान्यता तर नव्हतीच.

मान्यता का मिळेना, हे समजून घेण्यासारखं आहे. त्याच काळात बनारसला हिंदू विद्यापीठ उभं राहत होतं आणि त्यासाठी १९१५ मध्ये कायदा झाला होता. ती वाट बंद नव्हती. पण कर्व्यांना शिक्षण मातृभाषेतून द्यायचं होतं. मराठी मुलगी मराठीतून शिकेल, गुजराती मुलगी गुजरातीतून, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय म्हणून राहील, माध्यम म्हणून राहणार नाही. मुंबई विद्यापीठाचा सगळा व्यवहार इंग्रजीतून होता. त्या साच्यात हे बसणारं नव्हतं. मुलींना घरातून मिळणारी वर्षं मोजकी असतात आणि त्यातली निम्मी परक्या भाषेशी झगडण्यात गेली तर हाती काय उरणार, हा त्यांचा हिशेब होता. गणिताच्या मास्तरांचा हिशेब होता तो, आणि बरोबर होता.

अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्य यांवर त्यांनी दिलेला भर मला आजही थोडा खटकतो. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हटला की तो हलका असणार, हा समज त्यातून पसरतो, आणि तशी टीका त्या काळीही झाली. कर्व्यांचं म्हणणं असं, की जिला मुंबई विद्यापीठाची वाट झेपते तिने त्या वाटेने खुशाल जावं, ज्या हजारोंना ती झेपत नाही त्यांच्यासाठी ही दुसरी वाट आहे. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. पण मातृभाषेबद्दल त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्यासाठी त्यांनी पस्तीस वर्षं मान्यतेवाचून काढली.

आता नेतृत्वाकडे येते, कारण तुम्ही विचारलेली गोष्ट हीच आहे.

पहिले कुलपती, म्हणजे पदाने सर्वांत वरचे, झाले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्कृतचे पंडित, १८९३ ते १८९५ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. पहिले कुलगुरू झाले रँग्लर परांजपे. १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय, फर्ग्युसनचे प्राचार्य. कल्पना ज्यांची, पायपीट ज्यांची, त्या कर्व्यांनी दोन्हीपैकी एकही खुर्ची घेतली नाही. त्यांनी स्वतःकडे घेतलं ते वर्गणी गोळा करण्याचं काम. सिनेट निवडून आली ती वर्गणीदारांतून. दरवर्षी छोटी रक्कम देणारा माणूस विद्यापीठाचा मतदार झाला. हे विद्यापीठ कुणा एकाच्या पैशाचं आहे असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नाही.

याला कोणी विनय म्हणेल. कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यात व्यवस्था दिसते. मान्यता नसलेल्या विद्यापीठाची पदवी कोण मानणार? ज्याची सही तिच्यावर आहे त्याच्यावर विश्वास असेल तरच ती मानली जाणार. भांडारकरांची विद्वत्ता आणि परांजप्यांची शिस्त या दोन गोष्टींबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. सरकारने न दिलेली मोहोर कर्व्यांनी अशा माणसांच्या नावातून मिळवली. आणि स्वतःला त्या सहीपासून दूर ठेवल्यामुळे 'हे कर्व्यांचं घरचं दुकान आहे' असं म्हणायला कुणाला वाव राहिला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परांजपे कर्व्यांच्या नात्यातले होते. पुढे १९३१ ते १९३६ या काळात विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या इरावती कर्वे, म्हणजे कर्व्यांची सून. तेव्हा 'नातेवाईक दिसले की विद्यापीठ वाईट' असा सोपा नियम मी तुम्हाला देणार नाही. इरावतीबाई बर्लिनहून मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या होत्या. त्या काळी एवढी शिकलेली बाई कुलसचिवाच्या टेबलाशी बसते हीच त्या विद्यापीठातल्या मुलींसाठी रोजची शिकवण होती. काही वर्षांनी त्या पुण्याला डेक्कन कॉलेजात संशोधनाला गेल्या, आणि कुलसचिवाची खुर्ची काही कर्व्यांच्या घरात वारशाने राहिली नाही. नातं होतं, पण त्या नात्यातून हक्क तयार झाला नाही. तुमच्या माहितीपत्रकातल्या चिरंजीवांकडे आणि सूनबाईंकडे पाहताना मी हाच प्रश्न विचारीन: यांच्याकडे त्या कामाची लायकी काय, आणि यांना खुर्चीवरून उठवायचा अधिकार कुणाला आहे?

पैशाची गोष्टही यातच येते. पहिली काही वर्षं आणे-रुपयांवर गेली. आनंदीबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, आश्रमासाठी गावोगाव फिरल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. तिथे घरकाम करून त्यांनी पोट भरलं आणि इंग्रजी शिकल्या. मग १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. त्या काळच्या साडेतीन टक्के व्याजाने पाहिलं तर वर्षाला ५२,५०० रुपये. रुपया-रुपया मोजणाऱ्या संस्थेला हा आकडा केवढा वाटला असेल! ठाकरसी परदेश प्रवासात जपानचं महिला विद्यापीठ स्वतः पाहून आले होते. त्यांच्या अटींत दोन गोष्टी होत्या. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव द्यायचं, आणि ठाणं मुंबईला हलवायचं. नाव लगेच बदललं. मुख्य कचेरी मुंबईला गेली ती १९३६ मध्ये.

देणगीदाराने नाव मागितलं, नाव दिलं. जागा मागितली, जागा दिली. पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि माध्यम ही सिनेटची बाब होती आणि ती सिनेटकडेच राहिली. मातृभाषेचं धोरण पंधरा लाखांनंतरही तसंच चालू राहिलं. मी खाजगी विद्यापीठात काम करत होते तेव्हा ही सीमारेषा मला फार आठवायची. पैसा देणाऱ्याचं नाव दारावर लागावं, त्यात काही वाईट नाही. ते नाव निवड समितीच्या खोलीत शिरलं की बिघाड सुरू होतो.

तिथला एक प्रसंग सांगते. प्राध्यापकपदासाठी मुलाखती होत्या. बाहेरून दोन तज्ज्ञ आले होते, चांगली नावाजलेली माणसं. सकाळी दहाला मुलाखती सुरू झाल्या. नऊ वाजता माझ्या टेबलावर टाइप केलेलं इतिवृत्त आलं होतं. त्यात निवडलेल्या उमेदवाराचं नाव होतं आणि खाली सह्यांच्या जागा रिकाम्या होत्या. मी ते कागद कुलगुरूंकडे नेले. त्यांनी चष्मा काढून ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाई, मला इथे तीन वर्षांसाठी आणलंय." त्या वाक्यात सगळं आलं. माणूस विद्वान होता, भला होता, विद्यार्थ्यांचा लाडका होता. पण त्यांची नेमणूक ज्यांच्या हातात, मुदतवाढ ज्यांच्या हातात, त्यांच्याच घरातून ते कागद आले होते. मी इतिवृत्तावर माझी आवक नोंद केली, तारीख आणि वेळ लिहिली, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं, आणि ते मुलाखतींच्या फाइलला लावलं. माझ्या हातात एवढंच होतं. दोन वर्षांनी मी राजीनामा दिला.

एसएनडीटीचं पुढे काय झालं ते सांगते. सर विठ्ठलदास १९२२ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी प्रेमलीला तेव्हा तिशीच्याही आतल्या. पुण्यातल्या त्यांच्या पर्णकुटी बंगल्यात गांधीजींचं १९३३ चं एकवीस दिवसांचं उपोषण पार पडलं. विद्यापीठाशी त्यांचं नातं देणगीच्या पावतीपुरतं राहिलं नाही. कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, परदेशात निघाले. युरोपात विद्यापीठाबद्दल बोलत फिरले, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले, अमेरिकेतून जपानला गेले आणि ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने सगळं सुरू झालं ते डोळ्यांनी पाहून आले. नंतर आफ्रिकेत तिथल्या भारतीयांकडून निधी गोळा करायला गेले. या वयात असा प्रवास त्या काळच्या बोटींतून करायचा, परत येऊन पावत्या हिशेबाला लावायच्या.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई राज्याच्या विधिमंडळाने या विद्यापीठाचा कायदा केला आणि १९५१ मध्ये ते कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ झालं. कायद्याने झालेल्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या प्रेमलीला ठाकरसी. कर्वे तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. योगायोग असा की शांतिनिकेतनची विश्वभारती, तीही सरकारच्या मदतीवाचून १९२१ मध्ये निघालेली, तिचा कायदाही १९५१ चाच. नंतरच्या कुलगुरूंतल्या माधुरी शहा पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. हिंगण्याच्या पाच मुलींच्या वर्गापासून तिथवरचा हा रस्ता.

आता आजच्या कायद्याचं बोलू, कारण १९१६ मध्ये कर्व्यांनी केलं ते आज कुणालाही करता येणार नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातलं कलम २२ सांगतं, की पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. कलम २३ म्हणतं, की कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाखेरीज कुणी नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्दही लावायचा नाही. आज गृहीतागमा पदवी देणारी संस्था निघाली तर आयोग तिचं नाव बनावट विद्यापीठांच्या यादीत घालील. हे लिहिताना मला जड जातं, पण कायदा असाच असायला हवा असं माझं मत आहे. छत्तीसगडमध्ये २००२ च्या एका कायद्याखाली थोड्याच काळात शंभराहून जास्त खाजगी विद्यापीठं अधिसूचित झाली. त्यातल्या कित्येकांकडे धड इमारत नव्हती. प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्याची संबंधित कलमं रद्द केली. सगळ्यांना कर्व्यांइतकी मोकळीक दिली की असं होतं.

तेव्हा आज 'खाजगी' म्हणून तुमच्यासमोर येतात ती विद्यापीठं दोन जातींची असतात. एक, राज्याच्या कायद्याने झालेलं खाजगी विद्यापीठ. महाराष्ट्रात २०१४ पासून यातल्या बऱ्याच विद्यापीठांसाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदे केले. पुण्याच्या औंधचं स्पायसर हे त्यातलंच, ज्याची मूळ संस्था १९१५ पासूनची आहे. अशा विद्यापीठाला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, ते आपल्या आवारातच शिकवतं. दुसरी जात अभिमत विद्यापीठांची. त्यांना आयोगाच्या कायद्यातल्या कलम ३ खाली केंद्र सरकार दर्जा देतं. पुण्यातलं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ मध्ये राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निघालं आणि १९८७ मध्ये अभिमत झालं. भारती विद्यापीठ १९९६ मध्ये झालं, सिंबायोसिस २००२ मध्ये.

तुमचा मूळ प्रश्न, कारभार कुणाचा. सरकारी विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात. खाजगी विद्यापीठाचा कुलपती नेमते ती प्रायोजक संस्था, म्हणजे ज्या न्यासाने किंवा सोसायटीने विद्यापीठ काढलं ती. बहुतेक ठिकाणी त्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे संस्थापक किंवा त्यांच्या घरचं कुणीतरी, आणि म्हणून कुलपतीही तेच. नियामक मंडळात प्रायोजकांची माणसं, सरकारचा प्रतिनिधी, बाहेरचे काही तज्ज्ञ. पैसा, पदनिर्मिती, शुल्क यांचं सूत्र इथे असतं. कुलगुरू हा शैक्षणिक आणि प्रशासकीय प्रमुख. विद्या परिषद अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा मंडळ निकाल लावतं, कुलसचिव दप्तर सांभाळतो. कागदावर ही मांडणी चांगली आहे. प्रत्यक्षात सगळं एका गोष्टीवर ठरतं: कुलगुरू 'नाही' म्हणू शकतो का, आणि म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तो कामावर असतो का.

आयोगालाही हे ठाऊक होतं. अभिमत विद्यापीठांसाठीच्या २०१० च्या विनियमांत अट होती, की कुलपती हा प्रायोजक न्यासाचा अध्यक्ष किंवा त्याचा जवळचा नातेवाईक नसावा, नामवंत शिक्षणतज्ज्ञ किंवा सार्वजनिक जीवनातली मान्यवर व्यक्ती असावी. ती अट वाचली तेव्हा मला भांडारकरांची आठवण झाली. कर्व्यांनी जे आपणहून केलं ते चौऱ्याण्णव वर्षांनी नियम करून सांगावं लागलं. आणि नियम झाल्यावर त्यातून वाटा कशा काढल्या जातात, तेही मी जवळून पाहिलं आहे.

म्हणून फोटो कुणाचे आहेत यावरून काही ठरवू नका. चार पानांवर संस्थापक असले तरी विद्यापीठ चांगलं असू शकतं. मी तुमच्या जागी असते तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नियामक मंडळाची आणि विद्या परिषदेची यादी काढली असती. किती आडनावं सारखी आहेत, बाहेरची माणसं कोण आहेत, ती खरंच बैठकींना येतात का. इतिवृत्तं प्रसिद्ध केली असतील तर त्यात उपस्थिती असते. गेल्या दहा वर्षांत किती कुलगुरू झाले ते मोजलं असतं. मुदत संपण्याआधीच दर दीड-दोन वर्षांनी नाव बदलत असेल तर तिथे 'नाही' म्हणणारी माणसं टिकत नाहीत, एवढं कळतं. मुलीला जो विषय घ्यायचा आहे त्या विभागातले प्राध्यापक किती वर्षांपासून आहेत, ते विभागात जाऊन विचारलं असतं. माहितीपत्रकापेक्षा दारावरच्या नावाच्या पाट्या जास्त सांगतात. बदललेल्या पाट्यांचे स्क्रू नवे असतात, भिंतीवर जुन्या पाटीचा फिकट चौकोन राहतो.

कागदांपैकी दोनच मागा. विद्यापीठाचा कायदा ज्या राजपत्रात आला त्याची प्रत, आणि तुमच्या अभ्यासक्रमाला लागणारी शिखर परिषदेची मान्यता. औषधनिर्माणशास्त्र असेल तर फार्मसी कौन्सिलची, कायद्याची पदवी असेल तर बार कौन्सिलची. विद्यापीठ कायदेशीर असूनही एखादा अभ्यासक्रम बिनमान्यतेचा असू शकतो, आणि नुकसान विद्यार्थ्याचं होतं. शुल्काची पावती प्रायोजक न्यासाच्या नावाची न देता विद्यापीठाच्या नावाची द्या, असं खिडकीवर स्पष्ट सांगा.

विद्यापीठ बंद पडलं तर काय, ही भीती तुमच्या प्रश्नात लिहिलेली नसली तरी जाणवली. राज्यांच्या कायद्यांत त्याची तरतूद असते. प्रायोजकांना आधी सूचना द्यावी लागते, प्रवेश घेतलेल्या मुलांचं शिक्षण पूर्ण करून द्यावं लागतं, आणि त्यासाठी स्थापनेच्या वेळी ठेवलेला कायम निधी असतो, जो त्यांना मोडता येत नाही. तुमच्या विद्यापीठाच्या कायद्यात हे कलम साधारण शेवटच्या भागात सापडेल. शुल्क भरण्याआधी ते एकदा शांतपणे वाचून काढा. मराठी राजपत्रात ते मराठीत छापलेलं असतं, कुणाला विचारायची गरज पडत नाही.

त्या शाळेची स्मरणिका नंतर माझ्याकडे आली होती. पहिल्या पानावर बाईंचा फोटो, नऊवारी, काठ डोक्यावर घेतलेला. खाली नाव, आणि नावापुढे कंसात 'जी. ए. (गृहीतागमा)' असं पूर्ण छापलेलं होतं.